फिरोजा आपाचे आकडे

मेघना नदीच्या गाळावर वसलेल्या चर नयानगरात कुणाला दिवस गेलेत हे नवऱ्याच्या आधी फिरोजा आपाला कळायचं. सुक्या मासळीच्या वासानं तोंड फिरवणारी सून ती अंगणापलीकडून ओळखायची. "किती गं? दोन झाले?" असं खणखणीत विचारायची, की सून पदराआड. बावीस वर्षं ती मेघनेकाठच्या सहा गावांत छत्री आणि निळी पिशवी घेऊन हिंडत होती. सुरुवातीला बायका दारं लावून घ्यायच्या. म्हातारे म्हणायचे, नवऱ्यानं टाकलेली बाई, तिचं काय ऐकायचं! पुढं तेच म्हातारे तिला बांधावर थांबवून पान द्यायला लागले.

चार महिन्यांनी ती निवृत्त होणार होती आणि तिच्या जागी मी, मिनू. तोवर तिच्या मागून हिंडून काम शिकायचं.

आमच्या आरोग्य केंद्राला एक गोष्ट शोधून काढायची होती. पोटुशी बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक बारीक गोळी दिली, तर बाळंतपणाच्या तोंडावर येणारे झटके टळतात का? निम्म्या गावांना गोळी होती, निम्म्यांना नव्हती. प्रेशर मात्र सगळ्यांचं मोजायचं, दर पंधरा दिवसांनी. पाऱ्याचं यंत्र आणि कानात नळ्या. ठोके ऐकू यायला लागतात तो वरचा आकडा, बंद होतात तो खालचा. आकडा चढलेला दिसला की बाईला लगेच नावेत घालून केंद्रावर आणायचं.

आपाची सहाही गावं गोळीची. तिथं वर्षभरात एकीचंही प्रेशर चढलं नव्हतं.

"गोळी लागू पडतेय बघा!" महिन्याच्या बैठकीत डॉक्टरसाहेब म्हणाले. टाळ्या पडल्या. आपा हसली. साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला, तरी ती नुसती हसतच राहिली.

त्याच आठवड्यात आम्ही सफुरा चाचीच्या अंगणात गेलो. तिची सून जोसना, आठवा महिना, पहिलटकरीण. पाय असे सुजलेले, की चपलेचे पट्टे मांसात रुतले होते.

"मुलगा आहे," चाची सुपारी कातरत म्हणाली. "पोरगी असती तर एवढं पाणी धरलं नसतं."

"चाची, तुझ्या वेळी धरलं होतं का?" मी विचारलं.

"माझ्या वेळी धान कांडत होते मी. सुजायला सवड कुणाला होती?"

जोसना हसली नाही. "डोळ्यांपुढं काजवे चमकतात, आपा," ती पदर तोंडावर धरून पुटपुटली. "डोकं तर सकाळपासून फुटतंय."

"पदर काढ. तोंड बघू दे तुझं," आपा म्हणाली. तिनं दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, पारा वर चढवला. मग हळूहळू उतरू दिला. मी पाऱ्याकडे बघत होते. पार वर, एकशे ऐंशीच्या आसपासच तो थरथरायला लागला. आपा पाऱ्याकडे बघतच नव्हती. ती जोसनाच्या तोंडाकडे बघत होती.

तिनं लिहिलं, एकशे दहा, सत्तर. त्याच्या वरच्या ओळीत एकशे दहा, सत्तर. त्याच्याही वरच्या ओळीत तेच.

"मी एकदा घेऊ का, आपा?"

ती पट्टा गुंडाळत राहिली.

बांधावर आल्यावर मी दहा पावलं मागं राहिले. हाका मारल्या, पुन्हा मारल्या. शेवटी घसा ताणून ओरडले, "आपा, साप! पायाशी साप!"

खालच्या शेतातली बाई हातातला विळा टाकून पळाली. आपा तशीच चालत होती, छत्री डुलवत.

मी धावत पुढं जाऊन तिची वाट अडवली. माझं तोंड बघितलं आणि तिला समजलं.

"कधीपासून?" मी ओठ नीट हलवून विचारलं.

"डावा कान गेल्या ईदेपासून. उजवा त्याच्या मागोमाग."

"मग आकडे?"

"तोंडावरून लिहिते. बावीस वर्षं बायकांची तोंडं बघतेय मी. तू कालची पोर."

"जोसनाचं तोंड काय म्हणालं?"

"भरलंय म्हणालं. सासर मानवलंय." एवढं बोलून ती थांबली. आपलंच बोलणं आपल्याला नवं वाटावं, तशी माझ्याकडे बघत राहिली. "भरलंय... की सुजलंय गं?"

आम्ही मागं फिरलो. मी नळ्या कानात घातल्या. ठोके एकशे ऐंशीला सुरू झाले. एकशे वीसवर थांबले.

"चाची, नाव काढायला सांग. हिला आत्ता केंद्रावर न्यायचंय."

"तू कोण सांगणार?" चाची उठलीसुद्धा नाही. "आत्ता तर आपानं बघून ठीक लिहिलंय. तिच्या हातावर माझी चार बाळंतपणं झाली. तू काल आलीस नि लगेच आपाहून शहाणी झालीस?"

"चाची, उशीर केला तर—"

"आपानं सांगू दे. मग बघू."

सगळं अंगण आपाकडे बघायला लागलं. शेजारच्या दोघीतिघी कुडापाशी येऊन उभ्या होत्या. कोण काय बोललं हे आपाला ऐकू आलं नसावं, पण सगळ्यांचे डोळे कुठं वळलेत हे दिसत होतं. तिनं छत्री खाली ठेवली.

"चाची, मी बहिरी आहे," ती नेहमीपेक्षाही मोठ्यानं म्हणाली. "दर वेळी हिचं खोटं लिहिलं. पोरगी म्हणते तेच खरं."

चाचीच्या हातातला अडकित्ता तसाच उघडा राहिला.

"तू? तू खोटं लिहिलंस?"

"हो. आता शिव्या नंतर दे. आधी नाव काढ."

जोसनाला पहिला झटका नावेत आला. डोळे वर गेले, दातखीळ बसली, अंग धनुष्यासारखं ताणलं. चाची भूतबाधा उतरवायचे मंत्र पुटपुटायला लागली. आपानं जोसनाला कुशीवर वळवून धरलं आणि तिच्या ओठांवरचा रक्ताचा फेस पदरानं पुसत राहिली. केंद्रावर सुया टोचल्या, पोट कापलं. जोसना जगली. मूल रडलं नाही.

डॉक्टरसाहेबांनी आपासमोर कागद ठेवला आणि त्यावर लिहिलं, "आत्ता तुझ्या गावांत पोटुशा किती?"

"सदतीस," आपा म्हणाली. "छत्तीस."

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो. नळ्या माझ्या कानात, आपा शेजारी. प्रत्येक अंगणात ती सगळ्यात आधी तेच वाक्य बोलायची: मला ऐकू येत नाही, मी खोटं लिहिलं. काही ठिकाणी बायकांनी नुसता दंड पुढं केला. एका घरी म्हातारी तिच्या पायाशी थुंकली. आपानं पाय मागं घेतला नाही. दिवस कलेपर्यंत तेहतीस अंगणं झाली. चौघींचे आकडे चढलेले निघाले. त्यांना नावेत बसवून दिलं.

उरल्या तिघी. तिघी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, मेघनेपलीकडे गेलेल्या. केंद्राच्या वहीत त्यांच्यापुढं 'हद्दीबाहेर' लिहिलेलं. हद्दीबाहेर गेलेलीकडे पुन्हा कुणी जात नाही, तसा नियमच आहे. एकीचे महिने भरले होते.

"तिचं माहेर बोरोचरात. बापाचं घर घाटापासून तिसरं," आपा म्हणाली आणि थेट घाटाकडे चालायला लागली.

आभाळ काळं पडलं होतं. नावाडी दोर सोडायला तयार नव्हता. हात नाचवून काहीतरी बोलत होता.

"काय म्हणतोय गं?" आपानं विचारलं.

"वारा उठतोय म्हणतो. आज कुणीही पलीकडे जाणार नाही म्हणतो."

आपानं माझे ओठ नीट बघितले. मग पाण्यात उतरून ती नावेत जाऊन बसली.