कणगीत हात कोणी घातला नाही

तपासाची गोष्ट म्हटलं की तुम्ही लगेच पुढे सरकून बसता, माहितीये मला. पुरावा कुठे, खुनी कोण, शेवटी सगळे एका खोलीत आणि एक हुशार माणूस बोट दाखवतोय. सॉरी हं. खून नाहीये. चोर शेवटपर्यंत सापडत नाही. राक्षस आहे, पण तो उशिरा येतो आणि कोणाला नीट दिसतही नाही. आणि हे सगळं होतं कॉलेज रोडच्या मागच्या एका मिसळीच्या हॉटेलात, वरच्या मजल्यावर. रविवारी दुपारची गर्दी ओसरली की मालक आम्हाला तिथलं एक टेबल देतो. तेही आम्ही चहा मागवत राहिलो तर.

तिथे आम्ही तोंडाने खेळायचा खेळ खेळतो. एक जण गोष्ट चालवतो, त्याला आम्ही मास्तर म्हणतो. बाकीचे गोष्टीतली माणसं होतात, कोण जादूगार, कोण तलवारवाली. काय करायचंय ते बोलून सांगायचं, जमलं का नाही ते फासा सांगतो. मास्तर म्हणजे आमचा दादा. सख्खा नाही, टेबलावरचा. मूळचा सायखेड्याचा, इथे कंपनीत कामाला. या खेळाची पुस्तकं सगळी इंग्रजीत, त्यामुळे नवीन पोरं यायची, चार पानं चाळायची आणि पुढच्या रविवारी त्यांना ताप यायचा. म्हणून दादाने मराठीत एक गोष्ट लिहिली, अगदी पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी. ती लिहून झाली आणि कंपनीने त्याची बदली गुजरातला केली.

जुने खेळाडू आधीच पुण्याला पांगलेले. आता दादाही जाणार. त्याच्या गोष्टीवर नवीन पोरं टिकली तर टेबल राहणार, नाहीतर मालक तिथे फॅमिली सेक्शन करणार, एवढं सरळ होतं.

"तू चालव," दादा मला म्हणाला. "मी कोपऱ्यात बसतो, तोंड उघडत नाही. लिहिलंय तसंच चालव. कुठे अडतं ते बघायचंय मला. आणि नंतर खरं काय ते सांग."

मीच का? कारण मी आवाज काढतो. सटाण्याच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या आवाजात मी एकदा माइकवरून अख्ख्या शाळेला सुट्टी दिली होती. अशा माणसाकडे दुसरं काय सोपवणार?

दादाची गोष्ट अशी. नदीकाठचं गाव. देवळातली घंटा गायब. ती रोज वाजते म्हणून डोहातलं काहीतरी झोपून राहतं. ती वेळेत मिळाली नाही तर ते उठणार. चोर म्हणजे गावचा म्हातारा नावाडी. त्याचा मुलगा त्या डोहात बुडालेला. घंटा थांबली तर पोरगा वर येईल, असं त्याच्या डोक्यात बसलंय. घंटा त्याच्याच घरात, धान्याच्या कणगीत, नागलीखाली पुरलेली. पानावर दादाने लिहिलं होतं, 'खेळाडू झडती घेतात आणि घंटा सापडते.' वाचताना मला काही खटकलं नाही. दादालाही लिहिताना खटकलं नसणार.

खेळायला तिघं आली. एक सुरगाण्याकडची, नर्सिंगला शिकणारी. दुसरी तिची रूममेट, जी फासा टाकतानाही आधी तिच्याकडे बघायची. आणि पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षाच्या पेट्या भरणारा एक पोरगा, त्याच्या शर्टाला अजून कागदाचे तुकडे चिकटलेले.

सुरुवात झकास झाली. पुजारी केला, नाकात बोलणारा. सरपंच केला, प्रत्येक वाक्याआधी खाकरणारा. तिघं टेबल बडवून हसली. कोपऱ्यात दादाही हसला. मग ती तिघं नावाड्याच्या झोपडीत शिरली आणि मी नावाडी काढला. काय काढला म्हणून सांगू! खोल गेलेला आवाज, शब्दाशब्दाला दम.

"या रे पोरांहो. उन्हाचं आलात. पाणी घ्या आधी."

घेतलं त्यांनी पाणी. मग नावाडीआबाने कोरा चहा ठेवला, तोही घेतला. तपास राहिला बाजूला, सुरगाण्याची विचारते, "आबा, पायाला सूज कधीपासून हाय?"

आता दादाच्या पानावर सूजबीज काहीच नव्हती. पण मी आवाज काढताना गुडघा चोळला होता. तिने फासा टाकून पाला वाटून लावला. पॅकहाऊसवाला म्हणाला, "मी सरपण फोडून देतो." रूममेटने अंगण झाडलं.

मी म्हटलं, "झोपडीत एका कोपऱ्यात मोठी कणगी आहे."

"असणारच की," पॅकहाऊसवाला म्हणाला.

"जरा जास्तच भरलेली दिसतेय."

"बरं झालं," सुरगाण्याची म्हणाली. "म्हाताऱ्याची सोय झाली."

"तुम्ही तपास करताय," मी म्हटलं. "झडती घेऊ शकता. फासा टाका फक्त."

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी चोरलंय. "दुसऱ्याच्या कणगीत हात घालायचा? ज्याच्या घरी चहा प्यालो त्याच्या?"

"लय वाईट दिसतं ते," पॅकहाऊसवाला म्हणाला. रूममेटने मान हलवली.

मी कोपऱ्याकडे बघितलं. दादा कपातल्या गार चहाकडे बघत होता.

मग अंगणात त्यांची बैठक झाली. पुजाऱ्यावर संशय नाही, सरपंचावर नाही, आबावर तर प्रश्नच नाही. शेवटी पॅकहाऊसवाल्याने तोडगा काढला. "वर्गणी काढू. नवी घंटा घेऊ. हाय काय अन् नाय काय!"

तिघं एवढी खूश झाली! गावभर फिरून वर्गणी काढली, नवी घंटा टांगली, फुलं वाहिली. सुरगाण्याचीने तर आरतीसारख्या टाळ्याही वाजवल्या. माझ्यासमोर पान उघडं होतं. त्यावर स्वच्छ लिहिलेलं, जुनी घंटा मिळाली नाही तर डोह उठतो आणि गाव पाण्याखाली जातं. लिहिलंय तसंच चालव, असं दादाच म्हणाला होता.

मी वाचलं. डोहातलं ते काहीतरी उठलं, देऊळ गेलं, सरपंचाचा वाडा गेला. कोणी हसलं नाही. मी सरपंचाचं ते खाकरणं पण करून बघितलं, तरी नाही.

"आबा पण?" सुरगाण्याचीने विचारलं.

"आबा पण."

तिने हातातला फासा टेबलावर ठेवला, अगदी हळू. रूममेटने दोघींच्या ओढण्या उचलल्या. "येतो पुढच्या रविवारी," पॅकहाऊसवाला म्हणाला. न येणारा पाहुणा निघताना म्हणतो ना, तसंच.

दादा उठून माझ्यासमोर बसला. "सांग."

मी पुजाऱ्याच्या आवाजात म्हटलं, "यजमान, गोष्ट उत्तम, फक्त गाव तेवढं..."

"नीट सांग."

"एकच पुरावा आहे दादा, आणि तो अशा जागी आहे जिथे चांगलं माणूस हात घालत नाही. दुसरा रस्ताच नाही गोष्टीत."

"ते मला कळलं. कणगीचं नाव निघालं तेव्हाच कळलं. आमच्या घरीपण कोणी हात घालू दिला नसता. ते माझं चुकलं, मी लिहीन परत. तुझं काय?"

"तूच म्हणाला होता, बदलू नको."

"म्हणालो! मी बदलू नको म्हणालो आणि तू समोर बसलेल्या पोरांना बुडवलंस? ती हसत होती, फुलं वाहत होती, तुझ्या तोंडासमोर! एक उंदीर सोडता येत नव्हता कणगीतून? आबाला स्वतःहून रडवता येत नव्हतं? इतका जिवंत म्हातारा काढलास, मग तोच बोलला असता ना, 'पोरी, घंटा माझ्याकडंय.' नाही. तुला आवाज काढायचा होता, तो काढून झाला, मग पान वाचलं आणि मोकळा झालास. मी नसताना हे टेबल कोण चालवणार होतं रे? पान? आणि आता तोंड पाडून बसू नको, जा खाली, मालकाला सांगून ये पुढच्या रविवारपासून टेबल नको म्हणून. आणि ऐक. तुझ्या आवाजात सांग."