शिळं गाऱ्हाणं

२०२३ साली तो चौसष्ट वर्षांचा होता, आणि काही महत्त्वाचं बोलायच्या आधी डोक्यावरची टोपी सरळ करायचा. ही सवय गाऱ्हाण्याची. होळी पेटली, नारळ ठेवला, की टोपी सरळ करून हात जोडायचा आणि म्हणायचा, "बा देवा म्हाराजा..." मग जोगेश्वरीच्या टेकडीवरची आमची अख्खी चाळ म्हणायची, "व्हय म्हाराजा."

आम्ही कोकणातली माणसं. आमच्यात एकानं सगळ्यांसाठी देवाकडे मागायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. मागणारा तो. कुणाचा पाय, कुणाच्या पोरीची बारावी, कुणाची सुटलेली नोकरी, सगळं त्याला तोंडपाठ. अंधेरीच्या कारखान्यात आम्ही एकाच खात्यात होतो, चाळीत भिंतीला भिंत. तेव्हा मी सांगतो ते ऐकीव नाही.

आदल्या दिवाळीनंतर त्याला झटका आला. हातपाय महिन्याभरात मोकळे झाले, वाचाही परत आली, पण आली ती दुसऱ्याच कुणाची तरी. शब्द आमचेच, मालवणी, हेल मात्र परका. जोर भलतीकडे पडायचा, ळ आणि ण बोथट झाले होते. नुसतं ऐकणाऱ्याला वाटावं, कुणी परदेशी माणूस मालवणी शिकतोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूला इजा झाल्यावर फार थोड्यांना असं होतं, हा मुद्दाम करत नाही. मी तिसरीत शाळा सोडलेला, मला एकदा सांगून कळलं. चाळीत मी ते सांगून सांगून थकलो.

"सोंग करतो रे," एक म्हणायचा. "पिक्चरमध्ये घाला त्याला," दुसरा. ओळखीचा दुकानदार त्याच्याशी हिंदीत बोलायला लागला. स्टेशनबाहेर एका पोरानं तर त्याला दरडावलं, "मुंबईत राहता ना? नीट मराठीत बोला." मी त्या पोराची कॉलर धरली. हा खाली बघत उभा.

त्या दिवसापासून त्यानं बोलणंच टाकलं. पाव हवा तर बोट, चहा नको तर मान. तुम्ही अशी माणसं पाहिली असतील, दया येते. मला दया येत नव्हती, राग यायचा.

"मुको झालंस काय रे?" मी विचारलं.

"ह्या आवाजान माझा नाव सांगूक माका लाज वाटता," तो म्हणाला. एवढंच.

होळी आली. मंडळाचा सेक्रेटरी तरुण, पोरगा वाईट नाही. त्याला वाटलं, काकांचा मान राखू. चाळीतल्या सगळ्यांसारखं त्याच्याही मोबाईलमध्ये गेल्या शिमग्याचं गाऱ्हाणं होतं. त्यानं ते स्पीकरला लावलं आणि ह्याला हार घालून होळीपुढे उभं केलं.

जुना आवाज खणखणीत निघाला. हा तोंड मिटून स्वतःलाच ऐकत होता. "समोरच्या म्हातारेचो पाय बरो कर." व्हय म्हाराजा. म्हातारी गणपतीतच वारली होती. तिच्या मुलानंही होकार भरला. "वरच्या माळ्यावरच्या पोरीक बारावी पास कर." व्हय म्हाराजा. पोरगी कधीच पास होऊन कॉलेजात जात होती, तीही सगळ्यांबरोबर ओरडली.

त्यानं टोपी सरळ केली. "बंद कर," म्हणाला.

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"काका, दोन मिनिटं, संपतच आलं," सेक्रेटरी म्हणाला.

"देवाक शिळा वाढतंस?"

स्पीकरच्या आवाजात ते फक्त मला ऐकू आलं. त्यानं हार काढून नारळावर ठेवला आणि घरी गेला. मी सेक्रेटरीला चार शब्द सुनावले. तो म्हणाला, "अहो, मानच दिला ना आपण." त्याला खरंच कळत नव्हतं, आणि मला त्याच्यापुढे डोकं फोडून घ्यावंसं वाटत होतं.

त्याच पावसाळ्यात दुसऱ्या झटक्यानं तो गेला. आता चाळीत हळहळतात, त्याचं एक तरी रेकॉर्डिंग असायला हवं होतं म्हणतात. का नाही ते सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत कुणी नाही, म्हणून मी लिहितो.

त्या होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, राख अजून गरम असताना, त्यानं पहिल्या खोलीची कडी वाजवली. "माझा गाऱ्हाणा तुझ्या मोबाईलात आसा, ता पूस." समोरच्याला समजलं नाही तर पुन्हा सांगायचा. तरी नाही तर तिसऱ्यांदा. कुणी हसलं तर हसू संपेपर्यंत उभा राहायचा. पुसून झालं की विचारायचा, "आता सांग, यंदा देवाकडे तुझा काय मागू?" अशी एकेक खोली. मी मागोमाग होतो, एका शब्दानं मदत केली नाही. त्यानं करू दिली नसती.

सेक्रेटरीची खोली शेवटची. तो म्हणाला, "राहू दे ना काका, आठवण म्हणून."

"मी हंय आसंय मा."

मी इथंच आहे ना, हे त्याला दोनदा सांगावं लागलं. मग सेक्रेटरीनं पुसलं.

"तुझा काय मागू?"

सेक्रेटरीनं मोबाईल खिशात ठेवला. "आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे," तो म्हणाला.

"बरा," म्हणून हा वळला आणि टोपी सरळ करत होळीच्या राखेकडे चालू लागला.