पहिल्या चाळणीची राळ

दीक्षाच्या हातात चाळणी आली ती लॉकडाऊनमुळे. डँडेनॉन्ग या ऑस्ट्रेलियन उपनगरातल्या कारखान्यांमध्ये वैद्यकीय गांजापासून औषधं करणारी एक परवानाधारक कंपनी होती. पुण्याहून बी.फार्म. होऊन आलेली ही बाई तिथं पहिल्या दिवसापासून डब्यांना लेबलं चिकटवत होती. जुन्या पद्धतीनं राळ चाळणारा कारागीर क्वीन्सलँडला गेला काय, राज्यांच्या सीमा बंद झाल्या काय, तो तिकडेच अडकला. सुपरवायझर ट्रेसी म्हणाली, "तू करून बघ. जमलं तर चाळणीची खोली तुझी. नाहीतर परत लेबलं."

आता लेबलांकडे परत जायचं नाही, दीक्षानं मनाशी पक्कं केलं.

काम दिसायला सोपं. वाळलेला माल बारीक जाळीवर अलगद हलवायचा, की खाली सोनेरी भुकटी पडते. तीच राळ. आधी पडते ती थोडी, पण निर्मळ, पहिल्या प्रतीची. हलवत राहिलं की उतारा वाढतो, पण पाल्याचा चुरा मिसळतो, रंग हिरवट होतो आणि प्रत घसरते.

पहिल्याच बॅचला दीक्षानं ट्रे भरून टाकला. ट्रेसी खूश! "गुड ऑन यू, मेट!"

घरी आली तर नवरा स्वप्निल जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप लावून बसलेला. "सासूबाईंना फोन करून सांगू का, तुमची लेक चरस चाळते म्हणून?"

"सांग की. आणि जावई वर शर्ट, खाली पायजमा घालून मीटिंगा करतो, तेही सांग."

पण लॅबचा रिपोर्ट आला आणि हसू मावळलं. अख्खी बॅच दुसऱ्या प्रतीत. ट्रेसी एवढंच म्हणाली, "अजून एकदा संधी देते, दीक्षा."

जाळी फाटली असेल म्हणून दीक्षानं ती उजेडात धरून पाहिली. धड होती. माल ओला होता म्हणावं, तर तोही कडकडीत वाळलेला. डोकं नुसतं भणभणून गेलं.

रविवारी ती पोळ्यांसाठी कणीक चाळत होती. शेवटी कोंडा उरला तसा तळवा फिरवून तिनं तो चाळणीवर दाबून घासला, कडेवर दोन थापा मारल्या. आईचं वळणच तसं होतं, जाईल तेवढं खाली गेलं पाहिजे, उगाच टाकायचं नाही. तळवा चाळणीवरच थबकला.

"अगं बाई!"

"काय झालं? अळी निघाली?" स्वप्निलनं विचारलं.

"अळी नाही रे, मीच निघाले! कारखान्यात पण असाच हात मारते मी!"

पुढच्या बॅचला तिनं डावा हात सरळ एप्रनच्या खिशात घातला. उजव्यानं हलवत राहिली. जाळीवर बराच माल दिसत होता, खिशातला हात नुसता शिवशिवत होता. पण खाली पडणाऱ्या भुकटीचा रंग जरासा फिरताच ती थांबली.

ट्रेसीनं काट्याकडे पाहिलं. "एवढंच? मागच्या वेळच्या निम्मंसुद्धा नाही!"

"मागच्या वेळी मी चुरासुद्धा खाली ढकलला होता. घरी पीठ चाळताना हात मारतो ना आम्ही, तसा."

"वरचे विचारतील, उतारा का घटला. थोडं अजून हलव ना. थोड्यानं काय होतंय?"

"उरलेलं मी चाळून देते, पण दुसऱ्या ट्रेमध्ये. त्याची प्रत दुसरी. यात चमचाभरही मिसळणार नाही."

"आणि या वेळी पण रिपोर्ट वाईट आला तर?"

"तर लेबलं चिकटवीन," दीक्षा म्हणाली आणि तिनं ट्रेवर झाकण ठेवलं.

ट्रेसीनं खांदे उडवले आणि उरलेलं चाळून झाल्यावर दोन्ही ट्रे वेगवेगळे लॅबकडे पाठवले.

रिपोर्ट आला तेव्हा दीक्षा जाळ्या पुसत होती. ट्रेसी दारातूनच ओरडली, "पहिली प्रत!" आणि आत येऊन खोलीची किल्ली तिच्यापुढे ठेवली. "पण उतारा कमीच आहे हं तुझा."

दीक्षानं किल्ली उचलली. "पुढच्या वेळी पण कमीच येईल," ती म्हणाली. "वरच्यांना आत्ताच सांगून ठेव."