कंट्रोलरची तपासणी

माझ्या दोन्ही अंगठ्यांवर रेषा नाहीत. पन्नास वर्षं कापूस वेचला, निंदण केलं, राखेनं भांडी घासली. त्यात त्या कुठंतरी झिजून गेल्या. मला त्यांची आठवण येत नाही. आठवण फक्त कंट्रोलच्या दुकानातल्या मशीनला येते.

आमच्याकडे रेशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणतात. (का म्हणतात ते मी चौथीत मास्तरांना विचारलं होतं. त्यांनी मला पाढे म्हणायला लावले.) दुकान कंट्रोलचं, म्हणून ते चालवणारा वासुदेव हा आमचा कंट्रोलर. त्याच्याकडे अंगठा टेकवायचं मशीन आहे. मी अंगठा टेकवला की मशीन म्हणतं, ही बाई ती नव्हे. वासुदेव म्हणतो, "काकू, हात धुऊन या." मी हात धुऊन येते. मशीन म्हणतं, ही तर अजिबातच ती नव्हे. मग सून जाऊन स्वतःचा अंगठा लावते आणि तांदूळ घरी येतो. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची हीच गत आहे आणि प्रत्येकाच्या घरी सून नाही.

माझी नात पल्लवी नागपूरला शिकते. काय शिकते ते मी तीनदा विचारलं. वस्तू हातात धरायला सोपी कशी करायची, ते शिकते. (त्याला कॉलेज कशाला लागतं ते मला अजून पटलेलं नाही.) एका बुधवारी तिचा फोन आला. मागे गाड्यांचा गोंधळ, त्यात ती घाईत.

"आजी, मी शनिवारी येऊन राह्यली. मले कंट्रोलर तपासाचे आहेत. वीस माणसं जमवून ठेवजो."

"माणसं कायले?"

"त्यायचे अंगठे पाहाचे आहेत. अंगठा बरोबर बसते का नाही, कोठं त्रास होते, समदं लिहून न्याचं आहे. पयले मी होस्टेलच्या पोरींचे हात घेतले त सर म्हणे, हे मऊ हात नाही चालत, कामाचे हात पाहिजेत. अन घरचं माणूस नाही चालत. सोमवारी वीस जणांचं दिलं नाही त माझं वर्ष गेलं समज."

"वीसच? गाव आणून बसवतो," मी म्हटलं.

इतकी साधी गोष्ट. कंट्रोलर तपासायचे, अंगठे बघायचे. यात न समजण्यासारखं काय होतं? मी शेजारच्या प्रमिलाला सांगितलं, "माझी नात शनिवारी कंट्रोलर तपासाले येते. ज्याचा अंगठा लागत नाही त्यानं याचं."

प्रमिलाचे डोळे मोठे झाले. "सरकारी मानूस झाली का वं पल्लवी?"

तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "नागपूरहून येऊन राह्यली." खोटं काही बोलले नाही. प्रमिलाला पुढचं स्वतःचं स्वतः समजलं आणि संध्याकाळपर्यंत गावालाही समजलं.

शनिवारी सकाळच्या बसनं पल्लवी उतरली तर आमच्या ओसरीवर तीस माणसं. निंदण सोडून आलेल्या बाया, काठ्या टेकत आलेले म्हातारे, बंजाऱ्यांच्या तांड्यावरून चालत आलेली सोनाबाई. सगळ्यांच्या हातात रेशन कार्ड.

पल्लवीनं मला मिठीच मारली. "आजी, तू या लोकायले ओळखपत्रं पण आणाले लावले? मले त सुचलंच नव्हतं."

कौतुक चाललेलं असताना मधे बोलू नये एवढं मला कळतं.

तिनं पिशवीतून चार वस्तू काढून चटईवर मांडल्या. काळ्या, दोन्ही बाजूंनी मुठी फुटलेल्या, वर पेरभर उंचीच्या दोन दोन दांड्या, खाली बटणं. उलट्या पडलेल्या खेकड्यासारख्या दिसत होत्या. एक मात्र चपटी, साबणाच्या वडीसारखी. मी ओळखलं, नवीन मशिनं आली आहेत. जुनं अंगठा घेत नाही म्हणून सरकारनं चार प्रकारची पाठवली असतील. थोडी शंका आली होती, नाही असं नाही. पण गावभर सांगून झाल्यावर शंका कोणाला विचारणार?

तिनं लॅपटॉप उघडला. त्यावर एक लाल मोटार रस्त्यावर उभी होती. "कायची जाहिरात हाय?" म्हाताऱ्या गणपतनं विचारलं. मी म्हटलं, "सरकारी कामात पयले जाहिरात दाखवतातच. तुमी अंगठ्याकडं पाहा."

पहिला मान प्रमिलाचा. पल्लवीनं सगळ्यांत जड यंत्र तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "मावशी, दोन्ही अंगठे या दांड्यायवर ठेवा. आता समोर ढकला." प्रमिलानं पदराला अंगठे पुसले, डोळे मिटले आणि असं दाबलं की जणू आज नाही तर कधीच नाही. मोटार सुसाट गेली आणि भिंतीवर आदळली. तिच्या हातातलं यंत्र घर्रर्र करून थरथरलं.

"लागला!" प्रमिला ओरडली. "लागला वं माय, तीन वर्सानं लागला!"

ओसरीवर टाळ्या पडल्या. धक्काबुक्की सुरू झाली. मला रांग लावावी लागली. (रांगेत सर्वात पुढे मीच उभी राहिले होते, पण घरचं माणूस चालत नाही म्हणून पल्लवीनं मला काढलं.)

"कसं वाटलं, मावशी? हातात बरोबर बसलं?"

"लय मस्त. पयल्या झटक्यात घेतला."

पल्लवीनं ते वहीत लिहिलं. मग गणपतच्या हातात दुसरं दिलं, हलकं, वायरवालं. त्यानंही मोटार भिंतीवर घातली. यंत्र थरथरलं नाही. गणपतनं अंगठा चाटला, पुन्हा दाबला. पुन्हा भिंत. "बेकार हाय," तो म्हणाला. "घेतच नाही. हे कंट्रोलमधी आणू नोका."

असे आठ जण झाले. आठही जणांनी जड यंत्राची आरती ओवाळायची बाकी ठेवली आणि वायरवाल्याला अन् साबणाला शिव्या घातल्या. पल्लवी माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "आजी, काही समजून नाही राह्यलं. कोणीच मोटार वळवत नाही. सरळ भिंतीवर घालते अन खूश होते."

"घालू दे," मी म्हटलं. "तुले अंगठेच पाहाचे हायेत ना?"

तेवढ्यात वासुदेव आला. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात पिशवीत घातलेलं त्याचं मशीन. मागे त्याची बायको बिस्किटं घेऊन. एरवी हा माणूस मला काकू म्हणतो आणि पल्लवीला पोरी म्हणतो. आज म्हणाला, "मॅडम, चहा."

पल्लवी म्हणाली, "काका, तुमी कायले तकलीफ घेतली? बसा ना. तुमचे पण पाहून घेतो."

वासुदेवच्या कपाळावरचं गंध घामानं नाकावर आलं. "माझं काय पाहाता मॅडम. मी मापात एक दाणा कमी देत नाही. मशीनच अंगठा घेत नाही त मी काय करू? नेटवर्क नसते, सर्वर बंद असते, अन लोक माह्यावर ओरडते. या काकूलेच विचारा."

"नाही, नाही, मी फक्त हात पाहातो."

"हात साफ हाय माझा," वासुदेव म्हणाला आणि खरंच दोन्ही हात पुढे केले.

सोनाबाई पुढे आली. पल्लवीला म्हणाली, "याडी, मंग आता तांदूळ इथंच भेटन, का कंट्रोलमधी जा लागन?" (तिच्या बोलीत याडी म्हणजे आई, लहान पोरीलाही ती लाडानं तसंच म्हणते.)

"कोणता तांदूळ?" पल्लवीनं विचारलं.

सगळ्यांनी आपापली कार्डं पुढे केली. पल्लवीनं तीस रेशन कार्डांकडे पाहिलं. मग वासुदेवच्या मशीनकडे. मग माझ्याकडे.

"आजी. तू यायले काय सांगतलं?"

"तू मले सांगतलं थेच."

"मी काय सांगतलं?"

"कंट्रोलर तपासाचे हायेत."

तिनं चटईवरचं जड यंत्र उचललं. "आजी, याले कंट्रोलर म्हणतात. मोटारीचा खेळ खेळाचा असते, थो यानं खेळतात. कोणता हाताले बरा, कोणता वाईट, एवढंच मले पाहाचं होतं."

"मंग माझा अंगठा?" प्रमिलानं विचारलं.

"मावशी, मोटार भिंतीवर आदळली की थे थरथरते."

प्रमिला माझ्याकडे वळली. ती काय बोलली ते मी लिहीत नाही. गणपत म्हणाला, "खेळ? बुढीनं खेळासाठी माझं अर्धं वावर निंदाचं ठेवलं?" बाया पदर खोचून उठल्या. पल्लवी एकेक यंत्र पिशवीत भरू लागली. वहीतली आठ जणांची पानं तिनं फाडली, कारण त्यांचा काही उपयोग नव्हता. दोन वाजले होते, तिची परतीची दारव्ह्याची बस चारची, आणि वीसपैकी एकही हात जमा नाही. ती रडली नाही. रडली असती तर मी रागावले असते आणि मला बरं वाटलं असतं.

मी उठून ओसरीच्या पायरीवर आडवी उभी राहिले. "कोणी जाऊ नोका. चूक माझी हाय."

हे वाक्य माझ्या तोंडून गावानं प्रथमच ऐकलं. दोघंतिघं नुसती ऐकायला थांबली. प्रमिला म्हणाली, "पुन्हा म्हण." मी पुन्हा म्हटलं. तरी लोक निघालेच होते, तेव्हा मागून वासुदेवचा आवाज आला.

"म्हंजे मॅडम, तपासणी नाही?"

"नाही काका."

"खरंच नाही?"

"मी त अजून शिकूनच राह्यली."

वासुदेव चटईवर बसला. मग तो हसायला लागला, खांदे हलेपर्यंत. नाकावरचं गंध पुसून म्हणाला, "आण पोरी, दे तुझा खेळ."

त्यानं मोटार सुरू केली. भिंत चुकवली, पूल आला, पुलावरून मोटार पाण्यात. पुन्हा सुरू केली. पुन्हा पाण्यात. पायरीवरच्या बाया परत वळल्या. वर्षानुवर्षं त्या या माणसापुढे रांगेत उभ्या राहिल्या होत्या. त्याला काही जमत नाही हे बघायचा योग कधी आला नव्हता.

"काहून गा वासुदेवभाऊ, नेटवर्क नाही का?" प्रमिलानं विचारलं.

"सर्वर बंद असन," सोनाबाई म्हणाली.

"हात धुऊन ये," गणपत म्हणाला.

मग कोण जातं घरी. वासुदेवपेक्षा पुढे मोटार न्यायची म्हणून एकेक जण बसला, आणि आता डोळे उघडे ठेवून बसला. पल्लवीनं यंत्रांना अ, ब, क, ड अशी नावं ठेवली होती. लोकांनी ती बदलली. जड यंत्राची म्हैस झाली. गणपत म्हणाला, "म्हशीचा खालचा खटका लय चांगला. फवारणीच्या पंपासारखा, बोट आपोआप जाते. पण अर्ध्या घंट्यानं मनगट उतरन." वायरवाल्याच्या दोन्ही दांड्या एका रांगेत होत्या. सोनाबाई म्हणाली, "एका चुलीवर दोन जावा बसल्या. अंगठ्याले अंगठा लागते. म्हशीची एक वर, एक खाली, थे बरं." तिसऱ्याची मूठ गुळगुळीत. प्रमिलाच्या घामट हातातून ते दोनदा सुटलं. तिनं सरळ विळ्याच्या मुठीला बांधते तशी चिंधी त्याला गुंडाळली आणि सगळ्यांच्या पुढे गेली. पल्लवीनं त्या चिंधीचे सहा फोटो काढले. साबणाचे कोपरे तळहाताला टोचत होते, पण कशिदा काढून सोनाबाईची बोटं आखडली आहेत, तिच्या हातात बसला तर तोच.

माझा हात मोजणीत धरायचा नव्हता, तरी मी एकदा म्हैस घेऊन पाहिली. अंगठा दांडीवर ठरेच ना, गुळगुळीतावर गुळगुळीत. मी म्हटलं, "याले वाटीसारखा खड्डा पाहिजे वर." पल्लवीनं वर पाहिलं आणि तेही लिहिलं.

एकोणिसावी वासुदेवची बायको. विसावा हात वासुदेवचाच मोजायचा होता, पण तो यंत्र सोडेना आणि प्रश्नांना उत्तरं देईना. बसचा भोंगा वाजला तेव्हा पल्लवी एका हातानं त्याच्याकडून साबण ओढत होती आणि दुसऱ्या हातानं वहीत लिहीत होती. बस गेली तेव्हा ती बसमध्ये होती, वीस हात वहीत होते आणि वासुदेव रस्त्यावर उभा राहून विचारत होता, "पुन्हा कधी येते?"

महिन्याभरानं तिचा फोन आला. पास झाली. सरांना कामाचे हात आवडले, चिंधी तर फारच. तिनं सगळं पुस्तकासारखं बांधून दिलं आहे. आभाराच्या पानावर प्रमिला आहे, सोनाबाई आहे, गणपत आहे, वासुदेव तर बायकोसकट आहे.

"अन मी?" मी विचारलं.

"तू पण आहे ना, आजी. पुढच्या पानावर."

"काय लिहिलं थे वाच."

"थ्या पानाचं नाव आहे, अभ्यासात आलेल्या अडचणी. पयली अडचण लाइट. दुसरी तू."

लाइटला तिनं एक ओळ दिली आहे. मला दीड पान. गावात मी एवढंच सांगितलं, की नागपूरच्या कॉलेजात माझ्यावर दीड पान लिहून ठेवलं आहे. कशाबद्दल, ते अजून तरी कोणी विचारलेलं नाही. विचारलं तर पुस्तक इंग्रजीत आहे म्हणून सांगणार आहे.