गोदावरीबाईचे कोहळे

कोहळा तसा बापुडा. आंबागडात तो घराच्या कौलांवर आपसूक पसरतो, अंगाला पांढरी भुकटी माखून पडून राहतो, आणि बाजारात नेला तर कोणी ढुंकूनही पाहत नाही. पण तोच किसून उडदाच्या वाटल्या डाळीत घातला आणि वड्या घालून कडक उन्हात वाळवल्या, की त्याचं सोनं होतं. पावसाळ्यात भाजी मिळेनाशी झाली की चिखल्याच्या खाणवसाहतीतल्या बाया वड्यांसाठी गोदावरीबाईला वाटेतच अडवायच्या.

मेख एकच होती. पहिला घाव पुरुषाने घालायचा. कोहळा म्हणजे थोरला मुलगा, आई त्याच्यावर पातं कसं चालवणार? किसायला आणि पिळायला मात्र आईच लागते, तिथे शास्त्राची हरकत नाही! दरवर्षी हा घाव तिचा नवरा गोमाजी घालायचा, तोही मिशीला पीळ देऊन.

ब्याऐंशीच्या दिवाळीत गोमाजीचं उजवं अंग लुळं पडलं. शेती थांबली, आता घर वड्यांवरच चालायचं होतं. थंडी पडताच तिने डाळ भिजवली, वाटली, फेसली. शेजारचा तुलाराम कोयता घेऊन आला.

“वहिनी, मी घालतो घाव. त्यात काय?”

खाटेवरून गोमाजी गरजला, “काहून रे तुल्या, मी मेलो का?”

तुलाराम आल्या पावली परत गेला.

मग तिने कोहळा खाटेशी नेला. डाव्या हाताचा घाव रितीला चालत नाही, म्हणून नवऱ्याची उजवी लुळी बोटंच कोयत्याच्या मुठीवर वळवली आणि वरून आपला हात धरला. पण जोर लावला तर घाव तिचा होणार, नाही लावला तर घाव होणारच नाही. कोयता घसरून खाली पडला.

“तूच काप वं,” गोमाजी भिंतीकडे तोंड करून म्हणाला. “मी मेलो समज.”

आता तर तिचा हात उठेचना. नवऱ्याचा राग आला, कोहळ्याचा आला, ज्याने ही रीत काढली त्याचा तर फारच आला. पण रागाने कोहळा चिरत नाही.

दुपारी तुमसरच्या नंदलाल व्यापाऱ्याची गाडी आली. “आमच्याकडच्या बाया घालतील वड्या, चिखल्यातच विकू,” असं म्हणत त्याने सगळे कोहळे कवडीमोलाने उचलले. गोदावरीबाईने ते एकेक करून स्वतःच गाडीत ठेवले, कुठे टवका उडू न देता.

वाटलेली डाळ आंबायला लागली होती. संध्याकाळी तिने त्याच डाळीचे वडे तळले. असे वडे त्या घरात एरवी पितरांच्या तिथीच्या जेवणालाच व्हायचे.

गोमाजीने डाव्या हाताने ताट ओढलं. वडा उचलला, परत ठेवला.

“आज कोनाची तिथ आहे वं?”