कोऱ्या पाठीचे कागद

दारव्ह्यातल्या माझ्या रद्दीच्या दुकानात एक मुलगी दर सुट्टीत येते. मोठ्या विद्यापीठात ती गणितात पीएच.डी. करते. ढिगातून पाठकोरे कागद शोधते, पण भाव करत नाही. भागीदाराने काट्यात फसवलं तेव्हापासून, भाव न करणाऱ्या माणसाचा मला संशयच येतो.

यंदा तिने दोन वर्षं खपून स्वतःच सोडवलेल्या गणिताचा गठ्ठा विकायला आणला.

“दोन वर्षांची मेहनत काहून विकून राह्यली, बाई?”

“चूक निघाली, काका. दुसऱ्याच पानावर. पुढचं सारंच गेलं.”

“कोणं काढली? भांड त्याच्याशी!”

“सर तं बरोबरच म्हणत होते. मलेच दिसली.”

“मंग गप्प नाही राहाचं?”

“म्हंजे?” तिने विचारलं. तिला प्रश्नच कळला नव्हता.