आक्काबाई बोटीच्या पोटात

आक्काबाईंना मी बोटीवर घेऊन गेले असं सोनईत सगळे म्हणतात. ते खोटं आहे. मला त्यांनी दम देऊन नेलं.

शिंगणापूरच्या रस्त्याला त्यांची रसवंती आहे. लाकडी चरकाभोवती बैल फिरतो, त्यांचे यजमान आप्पासाहेब चरकात ऊस घालतात आणि आक्काबाई ग्लास भरतात. ग्लास भरेपर्यंत त्या गिऱ्हाइकाचं गाव, पोरंबाळं आणि दर्शनाला येण्याचं खरं कारण, एवढं सगळं काढून घेतात. वय बासष्ट, शिक्षण चौथी. पण समोरचा माणूस काय लपवतोय ते त्यांना रसाला फेस यायच्या आत कळतं. स्वतःच्या मुलाचं मात्र कळलं नाही, म्हणून तर हे सगळं झालं.

मी सोनईच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्यांचा मुलगा हर्षल माझा विद्यार्थी. तो नववीत असताना मी शाळेच्या हौदात एक खिळा टाकून दाखवला आणि मग लोखंडी परात सोडून दाखवली. खिळा बुडाला, परात तरंगली. बाकीची मुलं ते परीक्षेपुरतं लिहून मोकळी झाली. ह्याच्या डोक्यात मात्र ते जे शिरलं ते निघालंच नाही. आयटीआय झाली, फिटर झाला आणि शेवटी मुंबईहून सुटणाऱ्या एका मोठ्या क्रूझच्या इंजिन विभागात कामाला लागला. मी पेढे वाटले. आक्काबाई माझ्या नावाने बोटं मोडत बसल्या.

तरी सहा वर्षं त्यांनी ते सोसलं. खरी ठिणगी पडली गेल्या उन्हाळ्यात. हर्षल दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला होता. पाचव्या दिवशी त्याने सोनईहून सुतार आणला आणि आपल्या खोलीच्या चौकटीचं माप घ्यायला लावलं.

शिंगणापुरात घराला दार नसतं हे सगळ्यांना माहीत आहे. शनिदेवाच्या भरवशावर गाव झोपतं. फार तर कुत्रं शिरू नये म्हणून रात्री एक फळी टेकवून ठेवायची. आक्काबाईंच्या घराला त्यांच्या आजेसासऱ्यांपासून दार नाही. आणि पोटचा पोरगा म्हणतो, माझ्या खोलीला दार बसवा.

घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. आप्पासाहेब बैलाला पाणी पाजायला निघून गेले आणि आक्काबाई सुताराला रस देऊन म्हणाल्या, या आता. दार कशाला हवं ते हर्षलनेही सांगितलं नाही. सुट्टी संपायच्या आठ दिवस आधीच तो बोटीवर परत गेला. मला विचाराल तर दोघांचंही चुकलं होतं, पण मला कोणी विचारलं नाही.

दिवाळीनंतर हर्षलचा फोन आला की कंपनी घरच्यांना एक फेरी बोटीवर आणू देते, तीन दिवस, मुंबई ते गोवा आणि परत, तर तुम्ही दोघं या. आप्पासाहेब म्हणाले, बैलाला कोण बघणार. मग आक्काबाई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. माझ्या घराला दार आहे, तरी त्या कडी वाजवत नाहीत, सरळ आत येतात.

"बाई, चला माज्यासंगं. तुमीच बिगडवलाय त्याला. पोरगं परकं झालं माजं. आईबापापासनं आड व्हाया दार मागतंय. म्या त्याला परत आनाया चाललेय. तिथं गेलं की सांगनार, चल घरी, रसवंती सांबाळ."

मी सांगितलं की मला एसटीसुद्धा लागते, बोटीवर माझं काही खरं नाही. त्या म्हणाल्या, लिंबं घेऊ बरोबर.

बंदरावर तपासणीत आमच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढून घेतली, घरचं खाणं वर चालत नाही म्हणून. लिंबं तेवढी राहू दिली. आक्काबाईंनी त्या तपासणीवाल्याला चटणी किती दिवस टिकते ते समजावून सांगितलं आणि फेकू नका, खा, अशी ताकीद देऊन त्या वर चढल्या. बोट बघून मी मान वर करून मजले मोजायला लागले. आक्काबाई एवढंच म्हणाल्या की लई खिडक्या हायती.

आमची खोली सहाव्या मजल्यावर होती. गालिचा, आरसे, पांढऱ्याशुभ्र चादरी. बोट हलली तशी मी आडवी झाले ती लिंबू नाकाला लावून. आक्काबाईंचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. खोलीचं दार जाडजूड होतं आणि सोडलं की आपोआप बंद व्हायचं. त्यांनी दोनदा उघडून बघितलं. मग पायातली चप्पल काढून दाराच्या सांध्यात अडकवली आणि पलंगावर येऊन बसल्या.

"काय करताय हे?" मी विचारलं.

"उगडं ठिवलंय. लगीन झाल्यापासनं बंद दाराआड पाट टेकली न्हाई. आता काय समुद्रात येऊन देवाला आविश्वास दावू?"

थोड्या वेळाने सफाईवाल्याने चप्पल काढून नीट आत ठेवली. आक्काबाईंनी ती पुन्हा अडकवली. त्याने पुन्हा काढली. असं तीनदा झालं. त्यांचं भांडण झालं नाही, उलट चौथ्या वेळी दोघं एकमेकांकडे बघून हसले आणि तो जाऊन वरिष्ठांना घेऊन आला. त्या राजनंदिनी मॅडम, पाहुण्यांची व्यवस्था बघणाऱ्या, मूळच्या सांगलीच्या. त्यांनी मराठीत समजावलं की काकू, हे दार आगीसाठी आहे, कुठे आग लागली तर ती एका खोलीतच राहावी म्हणून ते बंद ठेवावं लागतं.

आक्काबाईंनी विचार केला. म्हणाल्या, दार बंद ऱ्हाऊ द्या, मी भाईर बसते. आणि खरंच त्या बाहेरच्या बोळात, गालिच्यावर, भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या. घरी ओट्यावर बसतात तशाच. येणारा-जाणारा आधी दचकायचा, मग थांबायचा. संध्याकाळपर्यंत आमच्या मजल्यावर कोण नवं जोडपं, कोणाची आई आजारी आणि कोणाला जुळे नातू झाले, हे सगळं मला पलंगावर पडल्या पडल्या कळलं. मुंबईचे दोन गुजराती म्हातारे तर त्यांच्याशेजारी मांडी घालून बसले होते.

सातच्या सुमाराला हर्षल परवानगी घेऊन वीस मिनिटांसाठी वर आला. स्वच्छ गणवेश, चकचकीत बूट, केस बारीक कापलेले. पाया पडला. जेवलीस का, बरं वाटतंय का, असं विचारून झालं. 'चल घरी' हे दोन शब्द आक्काबाईंच्या ओठांवर आलेले मला स्पष्ट दिसले, पण निघाले ते वेगळेच.

"तू झोपतो कुटं ते दाव मला."

हर्षल म्हणाला की खाली प्रवाशांना यायला बंदी आहे. तो गेल्यावर आक्काबाईंनी लिंबू माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या नाकाला लावलं. मला फार वाईट वाटलं. मी तशीच भिंत धरत धरत राजनंदिनी मॅडमना शोधायला गेले आणि त्यांना सगळी हकिकत सांगितली, सुतारासकट. शिक्षकाच्या नोकरीत एक सवय लागते. समोरच्याला पूर्ण ऐकायला लावता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बारा प्रवाशांना बोटीचा आतला कारभार दाखवायला नेणार होते. त्यात आमची दोघींची नावं होती.

एका आरशाशेजारी साधं राखाडी दार होतं. ते उघडलं आणि गालिचा संपला. पलीकडे रंगवलेल्या लोखंडी भिंती, डोक्यावर नळांच्या रांगा आणि कामाची गडबड. आधी स्वयंपाकघर. कणीक मळायचं यंत्र बघून आक्काबाईंनी त्याच्या पोटात हात घालायचा प्रयत्न केला, राजनंदिनी मॅडमनी तो वेळेवर धरला. पुढे फळांचा रस काढणारा एक नेपाळी मुलगा होता. त्याने सगळ्यांना कलिंगडाचा रस दिला. आक्काबाईंनी एक घोट घेतला आणि त्याला हातवाऱ्यांनी सांगितलं की आलं टाक आणि वरून लिंबू पिळ. त्याने तिथल्या तिथे करून बघितलं. मग तो ग्लास त्याचे साहेब प्याले, साहेबांचे साहेब प्याले आणि सगळ्यांनी आक्काबाईंना नमस्कार केला. त्यांच्या चालण्यात एकदम फरक पडला.

मग धुलाईखाना. एवढ्या चादरी एका जागी मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. तिथून अजून खाली उतरलो आणि बोटीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या रुंद बोळात आलो. खलाशी त्याला हायवे म्हणतात. ढकलगाड्या जात होत्या, फळ्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाची चिठ्ठी होती, एक जण दुसऱ्याची हजामत करत होता, आणि प्रत्येक जण प्रत्येकाला हाक मारून पुढे जात होता. वर मजल्यावर सगळे हळू आवाजात बोलायचे. इथे खुशाल ओरडून बोलत होते.

आक्काबाई थांबल्या. "बाई, हे तर गाव हाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांना झालेला आनंद त्यांनी लपवला नाही.

बोळाच्या मध्ये एक लोखंडी चौकट होती आणि तिच्यात एका बाजूला सरकवून ठेवलेलं लोखंडी दार. वीतभर जाड. दाराजवळ हर्षल उभा होता, कामाच्या निळ्या डांगरीत, कानाला पेन्सिल लावून. राजनंदिनी मॅडमनी हिंदीत सांगितलं की आज ह्या दाराची चाचणी आहे आणि ती करणारा आमचा फिटरच तुम्हाला माहिती देईल. तो आक्काबाईंचा मुलगा, हे त्यांनी मुद्दामच सांगितलं नाही.

हर्षल बोलायला लागला. शाळेत तोंड उघडताना ज्याचे कान लाल व्हायचे तो मुलगा बारा अनोळखी माणसांपुढे खणखणीत हिंदीत सांगत होता की आपण आता समुद्राच्या पातळीच्या खाली उभे आहोत. बोटीचं पोट असं एकसंध नसतं, त्याचे कप्पे असतात. कुठे भोक पडून पाणी शिरलं तर ही दारं बंद करायची, म्हणजे पाणी एका कप्प्यात अडकतं आणि बाकी बोट तरंगत राहते. अशा सगळ्या दारांची देखभाल तो आणि अजून एक जण करतात. दाराचं रबर, तेलाचा दाब, घंटा, सगळं.

लोकांनी फोटो काढले. कोणाला काही विचारायचं आहे का, असं राजनंदिनी मॅडमनी विचारलं. आक्काबाईंनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"आन दार लावलं, आन कोन आत ऱ्हायलं तर?"

हर्षलने आईकडे बघितलं आणि तो हिंदी विसरला.

"आदी घंटी वाजती, आई. मी आदी बगतो. कोनी न्हाई आसं बगूनच लावतो. तरीबी कोन ऱ्हायलंच, तर हा दांडा दोनी बाजूंनी हाय. आतल्यालाबी उगडता येतं."

"आतल्याला उगडता येतं?"

"व्हय. तशी सोय केल्याबिगर बोट सोडतच न्हाईत."

आक्काबाई दोन पावलं पुढे गेल्या. "मंग घरी दार कशाला मागत हुतास? आमच्यापासनं काय लपवायचं हुतं तुला?"

बाकीच्या प्रवाशांना काही कळत नव्हतं, पण गुजराती म्हाताऱ्यांनी फोन खाली घेतले. हर्षलचे कान लाल झाले, नववीतल्यासारखेच.

"काय लपवायचं, आई? सा वर्सं हितं खाली झोपतोय. खिडकी न्हाई, दिवसपाळी, रातपाळी, दिवा मालवला की काळाकुट्ट अंदार. आता उजेडात डोळाच लागत न्हाई मला. घरी पाच दिवस टक्क जागा हुतो. सकाळी गिऱ्हाईक डोकावून विचारायचं, रस हाय का. मला झोप पायजे हुती फकस्त."

"मंग झोप मागायची, येड्या," आक्काबाई म्हणाल्या. "दार काय मागतो? खिडक्यांना चार गोधड्या लटकावल्या आसत्या मी. गिऱ्हाइकाच्या पाटीत धपाटा घातला आसता."

हर्षल हसायला लागला. आक्काबाई रडायला लागल्या आणि मग त्याही हसायला लागल्या. मला रडू आलं, सरळ सांगते, आणि त्या भरात मला मळमळत होतं हेही मी विसरले. राजनंदिनी मॅडम प्रवाशांना हळूच हिंदीत समजावून सांगत होत्या.

मग हर्षलने खालच्या आवाजात विचारलं, की बाबा फोनवर म्हणत होते, तू मला न्यायला आली आहेस, ते खरं का?

आक्काबाईंनी डोळे पुसले. वर किती माणसं आहेत, असं त्यांनी राजनंदिनी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, तीन हजारांच्या पुढे. आक्काबाईंनी त्या जाड दारावरून हात फिरवला, रबर चाचपलं, दांडा धरून बघितला.

"आलतेच की न्यायला," त्या म्हणाल्या. "पन एवढ्या मानसांना असं सोडून कसं नेऊ तुला? रसवंती आमचं आमी बगू. सुट्टीला ये, आन दुपारपत्तूर झोप."

चाचणीची वेळ झाली होती. आम्हाला पिवळ्या रेघेमागे उभं केलं. दार उघडं दिसलं की ज्यांना बरं वाटतं त्या आक्काबाई आता सगळ्यांच्या पुढे जाऊन, कंबरेवर हात ठेवून, लाव बगू, म्हणाल्या.

हर्षल पलीकडे गेला. त्याने बोळात दोन्हीकडे बघितलं. लाल दिवा लागला, घंटा वाजायला लागली आणि ते लोखंडी दार सावकाश सरकू लागलं. हर्षल आधी अर्धा दिसत होता, मग नुसता खांदा, मग काहीच नाही. दार चौकटीला जाऊन भिडलं आणि घंटा थांबली.

आक्काबाई तशाच उभ्या होत्या. त्यांनी माझा हात घट्ट धरला होता, बांगडी रुतण्याइतका.

मग घंटा पुन्हा वाजली. दाराच्या कडेला बोटभर फट पडली, ती वाढत गेली आणि पलीकडे दांड्यावर हात ठेवून हर्षल उभा होता.

"बगितलंत, बाई?" आक्काबाई म्हणाल्या. "त्यानं आतनं उगडलं."